मी मोठी मोटार चालवून पाहिली

(मंडळाच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझे काम ठरलेले असते. सतरंज्या घालायच्या, पाहुण्यांना हळदीकुंकू लावायचे आणि चहा पुरतो की नाही ते पाहायचे. बोलायचे काम दुसऱ्या भगिनींचे. या वर्षी मात्र चिटणीसबाईंनी मला धरले. म्हणाल्या, "तुम्ही पुण्याला जाऊन ती सत्तर लाखांची मोटार चालवून आलात, ते सांगा." मी म्हटले, "अहो, ती आम्ही घेतलीसुद्धा नाही. न घेतलेल्या गाडीचे काय सांगायचे?" त्या म्हणाल्या, "घेतली असती तर तुम्ही मिरवले असते. घेतली नाही, म्हणून खरे सांगाल." तेव्हा जसे घडले तसे सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या घरचा व्यवसाय आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून ओतीव माल येतो, आमच्याकडे त्याचे कातकाम होते, आणि तो पुढे गाड्यांच्या कारखान्यांत जातो. त्यात ब्रेकच्या ड्रमांचे काम बरेच असते. बावीस वर्षे आमच्या ह्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग केले आणि स्वतः जुन्या व्हॅनमधून फिरले. एक तरी नामी गाडी आपल्या दारात उभी राहावी, ही त्यांची जुनी इच्छा. ती त्यांनी बोलून दाखवली नव्हती, पण वर्कशॉपच्या भिंतीवर कॅलेंडर असे ते नेहमी मोटारींचेच. त्यावरून मी ओळखून होते.

मग २०२३ साली सासऱ्यांच्या वाट्याच्या जमिनीचा एक तुकडा रस्त्याच्या रुंदीकरणात गेला आणि त्याचे पैसे हाती आले. जमिनीचे पैसे एकदाच येतात. ते गेले की पुन्हा उगवत नाहीत. माझ्या मनात मुलीचे शिक्षण आणि वर्कशॉपला एक नवे मशीन होते. ह्यांच्या मनात गाडी होती. घरात भांडण झाले नाही, पण आठ दिवस जेवताना भाकरी आणि आमटी यांखेरीज दुसऱ्या विषयावर कोणी बोलले नाही. शेवटी मीच म्हटले, "अहो, आधी बघून तर या. बघितल्याशिवाय इच्छा मरतही नाही आणि पुरीही होत नाही." ते म्हणाले, "मग तूही चल." मी निघाले ती 'नको' म्हणायलाच, हे आज आपल्यापुढे कबूल करते.

दिवाळीच्या आधी आम्ही तिघे, म्हणजे हे, मी आणि आमची कॉलेजात जाणारी मुलगी, पुण्याला गेलो. गाडी होती बीएमडब्ल्यू कंपनीची, नाव एम-३४०-आय. कंपनी जर्मनीची, पण ही गाडी आपल्याकडे चेन्नईला जोडतात. चार दारांची, मागे डिकी असलेली, बसक्या बांध्याची. शोरूमचा भाव सत्तर लाखांच्या आसपास. त्यावर महाराष्ट्रात तेव्हा वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के कर होता, म्हणजे नुसता करच नऊ लाखांवर जाणार. मी मनात म्हटले, नऊ लाखांत तर आपल्या गल्लीत एक अख्खी नवी गाडी येते.

विक्रीच्या तरुण मुलाने ह्यांना इंजिनाची माहिती सांगायला सुरुवात केली. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन, ताकद ३७४ अश्वशक्ती. मला अश्वशक्ती कळते ती विहिरीवरच्या मोटारीवरून. आमच्या शेतातली मोटार साडेसात एचपीची. तोंडी हिशेब केला तर अशा जवळजवळ पन्नास मोटारींची ताकद या एका गाडीच्या पोटात. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला तिला साडेचार सेकंदांच्या किंचित वर वेळ लागतो. आपण देवापुढे उदबत्ती लावायला काडी ओढतो, तेवढ्यात झाले.

मला वाटले होते, इतक्या मोलाची गाडी म्हणजे आत बसल्यावर पालखीत बसल्यासारखे मऊ वाटेल. तसे काही नव्हते. बैठक खाली होती. आत शिरताना ह्यांना गुडघा वाकवून, डोके सांभाळून बसावे लागले. बैठक दोन्ही कुशींनी माणसाला धरून ठेवते. रस्त्यावर निघाल्यावर लहान लहान खड्डे पाठीला कळत होते. ह्यांनी विचारले, "स्प्रिंगा कडक आहेत का हो?" मुलगा म्हणाला, "वेगात गाडी डोलू नये म्हणून तशा असतात, सर." हे काही बोलले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी मला आरशात दिसली. बावीस वर्षे मनात घोटलेल्या चित्राला तो पहिला टवका होता.

पहिल्यांदा ह्यांनी गाडी चालवली. मी मागे बसले होते. बाह्यवळण रस्त्यावर मोकळी जागा मिळाल्यावर त्या मुलाने गाडी खेळाच्या चालीवर टाकली आणि म्हणाला, "आता जरा दाबा, सर." ह्यांनी दाबले. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात जे होते ना, तेच आडवे झाले. माझे डोके मागे टेकले आणि तोंडातून "अगं आई गं" निघाले. तेवढ्यात गाडीत टुण टुण वाजू लागले. मुलीने विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "ऐंशीच्या वर गेलो, म्हणून सूचना आहे." १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना हा नियम लागू झाला, की ऐंशीच्या पुढे गाडीने चालकाला अधूनमधून आवाज देऊन सांगावे, आणि एकशेवीसच्या पुढे न थांबता सांगत राहावे. मला हसू आले. ही गाडी ताशी अडीचशेपर्यंत जाऊ शकते, आणि ऐंशीलाच सासूबाईंसारखी "सावकाश, सावकाश" म्हणते! ह्यांनी पाय काढला. नंतर त्यांनी तो वेग पुन्हा घेतला नाही.

गाडी कडेला घेतल्यावर मुलगी म्हणाली, "आता आई चालवेल." तो विक्रीचा मुलगा जरा गोंधळला. तोवर तो सगळे बोलणे ह्यांच्याशीच करत होता, आणि मला फक्त गाडीचे रंग दाखवत होता. मी पिशवीतून माझा परवाना काढून दिला. मैत्रिणींनो, मी सातवी शिकलेली बाई. पण खासगी मोटारीच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही. सासूबाईंचा पाय मोडला तेव्हा दर आठवड्याला दवाखान्यात न्यायला कोणी नव्हते, म्हणून मी पस्तिसाव्या वर्षी आमच्या व्हॅनवर गाडी शिकले. तेव्हापासून बाजार, दवाखाना, लग्नकार्य सगळे त्याच व्हॅनने. मात्र पन्नासच्या वर मी कधी गेले नव्हते.

या गाडीला गिअरची दांडी नाही. बोटाएवढी एक खिट्टी आहे. आठ गिअर ती आपले आपण बदलते. क्लच नाही. सवयीने माझा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. मला लाज वाटली. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, डावा पाय मागे घेऊन ठेवा, तो विसरूनच जा." आपल्यापैकी जी कोणी बिनक्लचची गाडी शिकेल तिने ही गोष्ट लक्षात ठेवावी. दोन्ही पेडलांना एकटा उजवा पाय.

पुढे जे झाले ते मला अपेक्षित नव्हते. मला वाटले होते, पन्नास मोटारींची ताकद माझ्या पायाखाली आहे, ती माझ्या हातून सुटेल. पण साध्या चालीवर ती गाडी गोठ्यातल्या गरीब गाईसारखी चालली. पाय हळू ठेवला तर हळू, थोडा दाबला तर थोडी पुढे. ताकद आहे म्हणून ती दाखवलीच पाहिजे असे तिचे काही नव्हते. पाच मिनिटांत माझे खांदे सैल झाले. काटा साठवर गेला, मग सत्तरवर. मी माझ्या आयुष्यात प्रथमच सत्तरच्या वेगाने गाडी चालवत होते, आणि खरे सांगते, मला बरे वाटत होते.

निघताना त्या मुलाने मागे बसलेल्या दोघांना पट्टे लावायला सांगितले होते. ह्यांनी "राहू दे हो, जवळच तर जायचे आहे" म्हटले. मुलगी दोन बैठकांच्या मधून पुढे वाकून मोबाइलवर माझे चित्रीकरण करत होती. आई मोठी मोटार चालवते, हे तिला मैत्रिणींना दाखवायचे होते. मी तिला पट्टा लाव म्हटले नाही. मीही कौतुकात होते.

दुभाजकाला एके ठिकाणी फट होती. तिच्यातून एकदम एक मोटारसायकल आडवी आली. पुरुष चालवणारा, मागे त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये एक लहान मूल. त्या बाईने माझ्याकडे पाहिले, तो चेहरा मी अजून विसरले नाही. मी ब्रेक दाबला. नीट विचार करून दाबला असे नाही, पायानेच दाबला. पायाखाली पेडल थरथरू लागले. मला वाटले काही मोडले. पण गाडी इकडे तिकडे न सरकता, रेघ ओढावी तशी सरळ राहून थांबली. मोटारसायकल आणि आमचे नाक यांत चार हातांचे अंतर राहिले असेल. ती माणसे निघून गेली. त्यांनी थांबून काही म्हटलेही नाही.

गाडी थांबली, पण माझी मुलगी थांबली नाही. ती सत्तरच्या वेगाने पुढेच गेली आणि तिचे तोंड माझ्या शेजारच्या बैठकीच्या पाठीवर आपटले. नाकातून रक्त आले, ओठ फुटला आणि समोरच्या दाताचा टवका उडाला. ह्यांच्या खांद्याला मुका मार लागला. मला आणि त्या मुलाला काही म्हणजे काही झाले नाही. आमचे पट्टे छातीशी घट्ट आवळले गेले होते, आणि थोड्या वेळाने आपोआप सैल झाले.

त्या मुलाने गाडी कडेला घेतली, पाणी दिले, आणि आम्हांला बोल लावला नाही. बोल लावण्यासारखे होते, पण तो आमच्या वाट्याचा होता.

मुलीला दवाखान्यात दाखवून आम्ही परत निघालो. खंबाटकी घाट चढेपर्यंत व्हॅनमध्ये कोणी बोलले नाही. भुईंजजवळ चहाला थांबलो. तेव्हा हे म्हणाले, "गाडी नको. गुडघा दुखतो, पाठीला खड्डे लागतात, आणि आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट घासणार. मी बावीस वर्षं चित्रच बघत होतो." मी म्हटले, "मला तर गाडी आवडली." ते चकित झाले. "तू 'नको' म्हणायला आली होतीस की!" मी म्हटले, "मला तिचा वेग नाही आवडला, तिचा ब्रेक आवडला. आणि अहो, बावीस वर्षं ब्रेकचे ड्रम कातून तुम्ही इंजिनावर कसे काय भाळलात?" त्यावर मुलगी सुजलेल्या ओठांनी हसली, आणि आम्ही दोघेही हसलो. आठ दिवसांचे मौन त्या टपरीवर सुटले.

घरी आल्यावर मुलाने, म्हणजे थोरल्याने, मला पुष्कळ समजावून सांगितले. तो डिप्लोमाला आहे. ते मला जसे कळले तसे सांगते, कारण आजच्या बोलण्यात कामाचे तेवढेच आहे.

ताशी सत्तर म्हणजे दर सेकंदाला साडेएकोणीस मीटर. आपली सहावारी साडी साडेपाच मीटरची धरली, तर एका सेकंदात साडेतीन साड्या लांब अंथरल्या इतके अंतर जाते. शंभरच्या वेगाला पाच साड्या. समोर काही आले हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हे कापड संपते. ब्रेक त्यानंतर लागतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर दुप्पट नाही, चौपट लागते. म्हणून "जरासेच तर वाढवले" हे म्हणणे खरे नाही. जरासे वाढवले की रस्ता पुष्कळ वाढतो.

पायाखाली पेडल थरथरले ते बिघडल्यामुळे नव्हे. त्याला एबीएस म्हणतात. पूर्वी ब्रेक जोरात दाबला की चाके जाम होत आणि गाडी, ओल्या फरशीवर चप्पल घसरावी तशी, घसरत जाई. तेव्हा स्टिअरिंग फिरवूनही काही उपयोग नसे. या यंत्रणेत चाक जाम होऊ लागले की दाब क्षणभर सुटतो, पुन्हा लागतो, आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा होते. त्याची ती थरथर. आपण पाय काढायचा नाही. घट्ट दाबून ठेवायचा आणि गाडी मोकळ्या जागेकडे वळवायची. हे यंत्र सत्तर लाखांच्याच गाडीत असते असे मात्र नाही. २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे. आमच्या जुन्या व्हॅनला ते नव्हते. त्या दिवशी मी व्हॅनमध्ये असते तर काय झाले असते, ते मी मनात पुरे होऊ देत नाही.

आणि पट्टा. खांद्यावरून येऊन कमरेला जाणारा हा पट्टा नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीत काढला, आणि त्या कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. जगातली सगळ्यांत महागडी गाडी घ्या नाहीतर सगळ्यांत स्वस्त, पट्टा जवळजवळ तोच. घरी जाऊन करून पाहा. हळू ओढला तर सरसर येतो, झटका दिला की अडकतो. तो झटक्याचीच वाट पाहत असतो. पण तो लावायचे काम आपल्या गाड्या आपल्या अंगावर घेत नाहीत. ते आपण करायचे.

आपणांस ४ सप्टेंबर २०२२ चा तो अपघात आठवत असेल. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर गेले. गाडी उत्तम होती. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे चौकशीत दिसून आले. एवढ्या मोठ्या घरातही जी चूक झाली, तीच आम्ही केली. आमचा दातावर निभाव लागला, ही देवाची कृपा. मागच्या बैठकीवर पट्टा न लावणाऱ्याला कायद्याने हजार रुपये दंड आहे. पण आपण बायका मागे बसतो, मांडीवर मूल घेतो, पदर सावरतो आणि समजतो की पट्टा पुढच्यांसाठी असतो. धोक्याची जागा फक्त पुढची, हा आपला समज मी त्या दिवशी पुसून टाकला.

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. मोटारीचा शोध लावणारे कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था यांनी १८८८ साली, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन तीनचाकी मोटारीने मानहाइमहून आपल्या माहेरी फॉर्झहाइमला प्रवास केला. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. तेल संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतले. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेत एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज ब्रेकला जे अस्तर असते त्याची ती सुरुवात. म्हणजे पुरुषाने गाडी पळवली आणि बाईने ती थांबवायची सोय केली. आमच्या घरीही त्या दिवशी साधारण तसेच झाले, असे मी ह्यांना म्हणते. ते हसतात, पण नाही म्हणत नाहीत.

तर शेवटी काय झाले? ती गाडी आम्ही घेतली नाही. वर्कशॉपला मशीन आले. मुलीची फी भरली, आणि तिच्या दाताला टोपी बसवली. त्या मोठ्या गाडीचे टायर, तिचे ब्रेक, तिची रस्ता धरण्याची रीत, हे थोड्या पैशांत मिळत नाही, हे मी मान्य करते. पण तिने मला विचारायचे प्रश्न शिकवले. पूर्वी आम्ही दुकानात गेलो तर रंग, गादीचे कापड आणि गाणी लावायचे यंत्र पाहत होतो. २०२४ च्या सुरुवातीला जुनी व्हॅन काढून बारा लाखांच्या आत एक देशी गाडी घेतली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "एअरबॅगा किती? गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा आहे का? मधल्या माणसालाही तिन्ही बाजूंचा पट्टा आहे का? टक्कर देऊन पाहण्याच्या परीक्षेत किती तारे?" ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाने अशी परीक्षा सुरू झाली आहे. गाडी मुद्दाम आदळून पाहतात आणि पाचांपैकी तारे देतात. आपण मडके घेताना वाजवून पाहतो, मग गाडी घेताना का विचारू नये?

पण नवी गाडी येण्याआधी, पुण्याहून परतल्याच रात्री, आम्ही एक काम केले. व्हॅनच्या मागच्या बैठकीचे पट्टे कव्हराखाली दडपलेले होते, ते बाहेर ओढून काढले. बारा वर्षे ते तिथेच होते. गाडी घेतली त्या दिवशी कव्हर चांगले बसावे म्हणून आम्हीच ते आत घातले होते. त्यांवर कधी ऊन पडले नव्हते, घडी अजून कोरी होती. त्या कोऱ्या पट्ट्यांकडे पाहून मला जे वाटले, ते सांगण्यासाठीच खरे तर मी आज उभी राहिले आहे. आम्ही सुखासाठी सत्तर लाख खर्चायला निघालो होतो, आणि फुकट मिळालेले रक्षण गादीखाली घालून त्यावर बसलो होतो.

आता सासूबाईसुद्धा पट्टा लावतात. पहिल्यांदा म्हणाल्या, "मला काय बांधून नेतेस, मी कुठं पळून जाते?" मी म्हटले, "आई, गाडी पळते, तुम्ही नाही. तुम्ही घरी परत यायला हव्यात." तेव्हापासून त्या देवदर्शनाला निघताना आधी पट्टा आणि मग नामस्मरण करतात.

माझ्या भगिनींना माझी चार मागणी आहेत. एक, गाडीत मागे बसलात तरी पट्टा लावा, जवळ जायचे असले तरी. दोन, मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. लहानांची स्वतंत्र बैठक मिळते, ती मागे लावून घ्या. तीन, गरोदर सुनेला किंवा लेकीला पट्टा लावताना खालची बाजू पोटाच्या खाली, मांड्यांजवळ ठेवा, पोटावरून नको. चार, ज्या चालवतात त्यांनी छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून थोडे अधिक अंतर ठेवावे. एअरबॅग डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते, तिला फुगायला जागा लागते. आणि ती पट्ट्याच्या जोडीनेच नीट उपयोगी पडते.

मी 'नको' म्हणायला गेले होते आणि आवडून आले. हे हौसेने गेले आणि निवळून आले. ताकद म्हणजे धावणे, असे आम्ही दोघेही समजत होतो. खरी ताकद वेळेवर थांबण्यात असते, हे त्या चार हातांच्या अंतराने आम्हांला शिकवले. ती मोटारसायकलवरची बाई कोण होती, मला ठाऊक नाही. तिचे मूल आता शाळेत जात असेल. कधी कधी रात्री मला तिचा चेहरा आठवतो आणि मी उठून मुलीच्या खोलीत डोकावते.

सभा संपल्यावर आपणांपैकी ज्या गाडीने घरी जाणार आहेत, त्यांनी निघण्याआधी गादीखाली एकदा हात घालून पाहावा, ही विनंती.  चहा तयार आहे, आणि या वर्षीही तो पुरेल याची काळजी मी घेतली आहे.